जनरेटरला फोडलेला नारळ

मंडळी, आज जोगेश्वरीत आमच्या आळीच्या नाटकाला भाड्याचा जनरेटर आणला. मुलाला रंगमंचावर बघायला सखूमावशी थेट मालवणहून आलेली, आणि यंत्र सुरूच होईना. दोरी ओढून माझा खांदा निखळायची वेळ आली.

इंजिनाचा स्पार्क प्लग पाहिला, तर चिंब ओला. वर कुंकू!

"मावशी, हे काय?"

"नारळ फोडलंय रे. येवढ्या येंत्राक पूजा नको?"

प्लग धोतराच्या सोग्यानं कोरडा केला, दोरी ओढली. तिन्हीसांजेत दिवा हळूहळू पिवळा उमलला, पडद्यावर झाडांच्या सावल्या तरंगू लागल्या. त्या उजेडात मावशीचा मुलगा खरोखरच राजा दिसला.

तिनं दिव्याला हात जोडले. "बघलंस? नारळ पावलो!"

मी ओला सोगा लपवला. तुम्ही तिला खरं सांगितलं असतं?