वर्तक सरांची वीज

वळवाचे ढग जमायला लागले की वर्तक सरांच्या अंगात यायचं. वर्ग चालू असो की तोंडात घास असो, हा गृहस्थ खिडकीशी धावायचा आणि वीज चमकली की मोठ्याने आकडे मोजायचा. गडगडाट ऐकू आला की आम्हा शिक्षकांना ऐकवायचा, "पाच मैल! मळवलीच्या वर आहे. येताय, की बसणार खडू खात?"

साठच्या दशकातली गोष्ट. लोणावळ्याच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. वादळ आलं की माणसं घरात पळतात, सर घरातून वादळात पळायचे. "घाबरणारे जगत नाहीत हो, नुसते टिकतात," हे त्यांचं लाडकं वाक्य. स्नेहसंमेलनात त्यावर टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत, आता लाज वाटते.

खोटं कशाला बोलू? एकदा त्यांच्याबरोबर लोहगडावर गेलो होतो. पवनेच्या खोऱ्यावरून काळंभोर आभाळ पुढे सरकत होतं, खालची एकेक वाडी दिसेनाशी होत होती. अंगावर काटा आला. बायको, नोकरी, गृहपाठाच्या वह्या, काही म्हणता काही आठवेना. ती नशा खरी होती. माणूस मात्र हलका होता.

कारण त्यांच्या शौर्याचं ओझं नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर असायचं. कॅमेरा आणि त्याची लोखंडी तिपाई गडावर न्यायला लोहगडवाडीचा खंडू लागायचा. त्याची मुलगी सरांच्याच वर्गात होती. "पोरीच्या मास्तरला न्हाई कसं म्हनू?" तो मला म्हणाला होता.

पुढच्या वर्षी मी सरांबरोबर पुन्हा गेलो. वाडीत पोचलो तेव्हाच गडगडायला लागलं होतं. खंडूच्या बायकोने, सखूने, घरातला कोयता आणि पहार अंगणात लांब भिरकावली. विजा सुरू झाल्या की वाडीत घरोघर लोखंड असं बाहेर टाकतात.

"मास्तर, ती तिपाई बी हितंच टाका," ती म्हणाली. "विजंच्या वक्ताला लोखंड संगं नगं."

सर खो खो हसले. "अगं सखू, या अडाणी समजुती सोडा आता!" लोखंडातून वीज वाहते, हे वीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेणारा माणूस हे बोलत होता.

गडाच्या विंचूकाट्यावर, त्या लांब अरुंद सोंडेवर, वाऱ्याने तिपाई हलायला लागली. "खंडू, घट्ट धर," असं सांगून सर कॅमेऱ्याचं लांब वायरीचं बटण घेऊन कातळाच्या कपारीत शिरले. त्यांच्या शेजारी मी. एक वीज टिपली. रोल संपला, तो काढून त्यांनी खिशात टाकला, नवा भरला आणि पुन्हा कपारीत येऊन बसले.

"मास्तर, चला आता खाली," खंडू ओरडला. "अंगावरलं केस ताट हुबं ऱ्हायल्यात."

केस उभे राहिले की वीज तिथेच पडू पाहते, हे सरांना ठाऊक नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. ते म्हणाले, "एकच, खंडू! शेवटची एकच!"

वीज कोसळली. डोळ्यांपुढची अंधारी सरली तेव्हा खंडू तिपाईशी पालथा पडला होता. मी त्याला हलवलं, हाका मारल्या. श्वास नव्हता. मागे सर खिसा चाचपत उभे होते. "नशीब," ते म्हणाले, "पहिला रोल शाबूत आहे."

वाडीतल्या माणसांनी खंडूला घोंगडीच्या झोळीतून खाली आणलं.

पंधरा दिवसांनी सर मला घेऊन सखूकडे गेले. मी का गेलो, माझं मलाच कळत नाही. सरांनी कागद सोडून काचेची मोठी तसबीर तिच्यापुढे धरली. "खंडूची आठवण. अशी वीज सबंध जिल्ह्यात कुणी टिपलेली नाही."

सखूने काचेवरून पदर फिरवला आणि बराच वेळ पाहिलं. "ह्यात आमचं मानूस कुटं हाय?"

"तो चौकटीच्या बाहेर होता ना," सर म्हणाले.

तिने तसबीर त्यांच्या हातात परत दिली आणि माझ्याकडे वळली. "तुमी दोगं कपारीत व्हता म्हनं. तितं तिसऱ्याला जागा नव्हती का?"

"होती," मी म्हणालो.

सर तोवर तसबीर पुन्हा कागदात नीट गुंडाळायला लागले होते.