आधी घरचा मासा

ही गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आईचं वर्ष झालं की गॅसची लाइन काढून टाकू. विजेची काचेची शेगडी बसवू."

मी हो म्हणालो. भांडायला अंगात दम नव्हता. शिवाय त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. सकाळी उठलो की मी शेगडी पेटवायचो आणि वर काहीही न ठेवता समोर स्टूल टाकून बसायचो. एकदा तसाच उठून खाली चालायला गेलो. सून आंघोळ करून बाहेर आली तर ज्योत जळतेय आणि स्वयंपाकघरात कोणी नाही. मला ती एका शब्दाने बोलली नाही. पण त्यानंतर रोज सकाळी ती दारात उभी राहून आधी वास घ्यायची, मगच आत पाऊल टाकायची. ते मला दिसत होतं.

मी शेगडीपुढे का बसायचो ते सांगतो. आमची ही रोज तांदळाची भाकरी करायची. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा चिमूटभर तुकडा मोडून विस्तवात टाकायची. गावी चुलीत टाकायची, इथे परदेशात मुलाकडे, टॅम्पिनीसला आठव्या मजल्यावर, गॅसच्या ज्योतीत. करपल्याचा वास सुटायचा, बर्नरची भोकं बुजायची, सून बिचारी सुईने ती मोकळी करत बसायची.

"आई, कशाला हो हे?"

"अगो, राबतो कोण? तोच ना? मग आधी त्याला नको?"

एवढंच उत्तर. विस्तवाला दिल्याशिवाय तिने कधी कोणाला वाढलं नाही. मी भुकेने शिव्या घालत बसलो तरी नाही. म्हणून मी मुलाला एकच अट घातली होती. वर्षश्राद्धाचं पान तिच्या शेगडीवर रांधायचं, पहिला तुकडा तिच्या ज्योतीला द्यायचा. मग काय हवं ते बंद करा. त्याने कबूल केलं होतं.

घोटाळा झाला तो तारखेत.

एके दिवशी दुपारी नात शाळेतून आली, तिच्या आईने घरी ठेवलेला मोबाइल उघडून बघितला आणि म्हणाली, "आजोबा, गॅस अंकल टुमॉरो कमिंग."

"उद्या? उद्या कसा येईल?"

"आय डोन्ट नो लाह. मेसेजमध्ये लिहिलंय."

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेलो. शाळा चौथीत सुटली माझी, पण तिथी मला चुकत नाही. ज्याने जन्मभर मासेमारी केली त्याला भरती-ओहोटी तिथीवरूनच कळते. यंदा मध्ये अधिक महिना आला होता. इंग्रजी तारखेने हिचं वर्ष आजच भरत होतं. तिथीने अजून बरंच पुढे होतं. मुलाने मोबाइलमधली तारीख धरली, लगेच दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून ठेवला आणि कामाच्या धबडग्यात पानाचं विसरून गेला. म्हणजे पान रांधायच्या आधीच विस्तव जाणार.

मी मुलाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, कट केला. पाया लेबारला एका कंपनीत तो परदेशातून गॅस विकत घ्यायचं काम करतो, आणि त्या आठवड्यात तो घरी असून नसल्यासारखा होता. कुठल्या तरी देशाच्या बंदरात त्यांची गॅसची बोट अडकली होती. घास तोंडाशी नेताना फोन वाजला की घास खाली. मी गावी वादळात सापडलेली होडी किनाऱ्यावरून बघणारी माणसं पाहिलीत. त्याचा चेहरा तसा झाला होता.

संध्याकाळी तो आला. सुनेने पाणी देतानाच विचारलं, "सुटली का बोट?"

"नाही सोडत. उद्या सांगतो म्हणाले."

मी थांबायला हवं होतं. त्याचं जेवण होऊ द्यायला हवं होतं. पण मला ते कधी जमलं नाही.

"उद्या गॅसवाला येतोय. आईचं वर्ष अजून व्हायचंय. तिथी बघितलीस का तू?"

त्याने डोळे मिटले. "बाबा, प्लीज. माणूस मिळता मिळत नाही. ओटा करणारा खोळंबलाय. आणि गॅसचा भाव कुठे गेलाय माहितीये का तुम्हाला?"

"का गेला? तूच तर घेतोस विकत. स्वस्त घे."

सून हसू दाबायला आत वळली. मुलाने ताट पुढे ओढलं, आणि बहुतेक मला गप्प करायला म्हणून, सांगायला लागला.

"हे बघा. पूर्वी शेजारचे देश गॅस पाइपातून द्यायचे. पाइप टाकला की त्यांना दुसरीकडे विकता येत नाही, आपल्याला दुसरीकडून घेता येत नाही. भाव ठरलेला. अजून येतो तसा, पण कमी कमी होत चाललाय. आता गॅस इतका थंड करतात की त्याचं पाण्यासारखं होतं. ते बोटीत भरायचं आणि जगात कुठेही न्यायचं. जो जास्त देईल त्याच्याकडे बोट वळते. मग जिथे गॅस निघतो तिथल्या कारखान्यांना, वीजघरांनाही तोच भाव मोजावा लागतो. नाही मोजला तर गॅस बाहेर जातो. तिथली माणसं ओरडायला लागली. आता तिथलं सरकार म्हणतं, आधी घरचं भागवा. झालं. आमची बोट अडली. आम्ही दुसरीकडून चढ्या भावाने घेणार, आणि इथली वीज जवळजवळ सगळी गॅसवरच होते, म्हणून इथली बिलं वाढणार."

"म्हणजे बर्फ," मी म्हणालो.

"काय बर्फ?"

"बर्फाचा कारखाना निघाला ना आपल्या बंदरावर, तसंच हे."

त्याला आठवत नसणार, लहान होता. बर्फ नव्हता तेव्हा होडीतून उतरलेला मासा संध्याकाळच्या आत आसपासच्या गावांतच खपवावा लागायचा. पापलेट शिक्षकाच्या घरीही जायचं आणि न्हाव्याच्या घरीही. बर्फ आला, मागोमाग ट्रक आले, परदेशी माल पाठवणारे व्यापारी लिलावात उभे राहू लागले. पापलेट आणि कोळंबी पेट्यांत भरून गेली. आम्हाला भाव मिळाला, खोटं कशाला बोलू. पण गावातल्या माणसाला तोच मासा त्याच भावाने घेणं होईना. तो मांदेलीवर आला, आणि मग मांदेलीही महागली.

आणि आमची ही? ती लिलावाला पाटी खाली ठेवायच्या आधी त्यातलं सगळ्यात चांगलं पापलेट काढून पदराखाली घ्यायची. व्यापारी ओरडायचा, "वहिनी, तोच तर माल आहे! बाकीचा काय मांजराला घालू?" ही म्हणायची, "तुझं गिऱ्हाईक कुठे विलायतेत बसलंय ते मी बघितलं नाही. माझं घरी बसलंय, ते बोंबलतंय." सगळा लिलाव हसायचा. पण तिने मासा परत पाटीत टाकला नाही.

हे मी मुलाला सांगितलं आणि वर म्हणालो, "मग त्या लोकांनी बोट अडवली तर चुकलं काय त्यांचं?"

त्याने ताट सरकवलं. "चुकलं काय? करार आहे, बाबा! शब्द दिलाय त्यांनी. आणि माझी कॉलेजची फी कुठून आली हो? त्याच बर्फातल्या कोळंबीतून ना? तेव्हा नाही आठवला तुम्हाला गावातला न्हावी?"

खरंच होतं ते. घरावर स्लॅब पडला तोही त्याच पैशाने.

तरी राहवेना. "विजेची शेगडी आणून तू वाचवणार काय? वीज तरी गॅसचीच ना?"

"तिच्यात उष्णता वाया कमी जाते. आणि ज्योत नाही, म्हणजे विसरायची भीती नाही." हे तो माझ्याकडे न बघता बोलला.

"आणि तुकडा कुठे टाकायचा? काचेवर?"

सून मध्ये पडली. "बाबा, मी पणती लावीन ना. तीही ज्योतच."

"पणतीवर भाकरी भाजतेस का गो तू?"

ती आधी हसली आणि मग तिचे डोळे भरले. हिच्याकडून भाकरी तीच शिकली होती. मुलगा उठून हात धुवायला गेला. तिथूनच म्हणाला, "माणूस उद्या येणार. आता बदलता येत नाही."

सकाळी मी आधीच जाऊन शेगडीपुढे स्टूल टाकलं, तवा चढवला आणि ज्योत पेटवली. सुनेने ते बघितलं, परात घेतली आणि पीठ मळायला लागली. मुलगा ऑफिसला न जाता बाहेरच्या खोलीत फोनवर येरझाऱ्या घालत होता. बेल वाजली. गॅसवाला आला, मधल्या वयाचा चिनी माणूस, हातात हत्यारांची पेटी. त्याने मला बघितलं, ज्योत बघितली.

"अंकल, ऑफ फर्स्ट, कॅन?"

"नो कॅन," मी म्हणालो. माझं इंग्रजी तेवढंच.

तो दारात उभा राहिला. बाहेर मुलाचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. मुलगा आत आला तेव्हा फोन हातात लोंबकळत होता.

"नाही देत बोट," तो सुनेला म्हणाला. "घरच्यासाठी ठेवली." मग माझ्याकडे वळला. "घ्या. त्यांनी नाही म्हटलं, आता तुम्हीही म्हणा. आज सगळे माझ्याच डोक्यावर बसा!"

मी उठलो नाही. मला वाटलं हा आता मला हाताला धरून उठवणार. त्याने उठवलं असतं तर मी काय केलं असतं, मला अजून ठाऊक नाही.

गॅसवाल्याने मुलाला विचारलं, काय झालं, बंद करायचं नाही का. मुलगा इंग्रजीत सांगू लागला. माझी आई, तिचा वर्षाचा दिवस, तारीख वेगळी, चंद्राची. आणि 'माय मदर' दुसऱ्यांदा म्हणून त्याने पुढचं वाक्य तसंच अर्धं सोडलं. वर्षभर तो आईचं औषध, आईची कागदपत्रं, आईचं कपाट असं सगळं बोलला होता. पण ती नाही, हे मोठ्याने कोणाला सांगायची पाळी त्याच्यावर तोवर आली नव्हती. ती पाळी आली एका गॅसवाल्यापुढे. मुलाने भिंतीकडे तोंड केलं.

गॅसवाल्याने पेटी खाली ठेवली. "लूनर डेट? लीप मंथ?" तो मला म्हणाला, "माय मदर सेम, अंकल. एव्हरी टाइम आय काउंट राँग, शी स्कोल्ड." मग मोबाइल काढून त्याने ऑफिसला काहीतरी सांगितलं, हुज्जत घातली, आणि मुलाला विचारलं, तुमचा दिवस कुठला? मुलाने माझ्याकडे बघितलं. मी दिनदर्शिकेवर बोट ठेवलं.

तेवढ्यात पहिली भाकरी फुगली. सुनेने तुकडा मोडून ज्योतीत टाकला. करपल्याचा वास सुटला. गॅसवाला नाक आक्रसून हसला, तुकडा मात्र त्याने काढला नाही. जाताना त्यालाही भाकरी दिली, हातातच.

वर्षश्राद्धाला आमच्यात मासा चालतो. मुलगा स्वतः बाजारात जाऊन पापलेट घेऊन आला, बर्फातलं, कुठल्या किनाऱ्याचं देव जाणे, आणि भाव सांगताना माझ्याकडे बघून कसनुसं हसला. पहिला तुकडा त्यानेच ज्योतीला दिला. बोट भाजलं त्याचं. सवय नाही.

नंतर तोच गॅसवाला येऊन लाइन बंद करून गेला. मी आडवा आलो नाही, शब्द दिला होता. बिल मात्र चढतंच आहे. मुलगा म्हणतो, जगभर गॅस बोटींत चढतोय तोवर असंच चालणार, कधी तिथल्यांना चटका, कधी इथल्यांना.

काचेच्या शेगडीवर सुनेने पहिल्यांदा भाकरी केली तेव्हा मी टेबलाशी बसलो होतो. तिने सवयीने तुकडा मोडला आणि हात तसाच धरून उभी राहिली. खाली काळी काच, नुसता एक लाल आकडा. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग येऊन तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

मी खाल्ला. मीठ कमी होतं.