दात काढण्याआधीचा फोटो

अनोळखी माणसांना "तुमचा एक फोटो काढू का?" असं विचारायची सवय मला गेली काही वर्षं आहे. मी पालघरला राहतो, बोईसरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी रोलचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून बाजारात, रिक्षा स्टँडवर, स्टेशनच्या बाकांपाशी उभा राहतो. बहुतेक जण आधी "कशासाठी?" विचारतात. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. काही जण सर्व्हेवाला समजून आधार कार्ड काढतात. एकाने घरकुलाच्या यादीत आपलं नाव का नाही म्हणून मला दहा मिनिटं झापलं. मी त्याचाही फोटो काढला. राग छान आला होता.

माझे नियम कडक. माणशी एकच फोटो. रोलवर छत्तीस फोटो, म्हणजे छत्तीस माणसं. मोबाईलवर धडाधड फोटो काढणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नव्हतं आणि ते मी कुणी न विचारता सांगत असे. बायको म्हणते, ओळखीचं कुणी तुला सहन करत नाही म्हणून तुला अनोळखी लागतात.

बोईसरच्या बाजारात तारापूरकडच्या एका गावातून सुके बोंबील आणि सुकट घेऊन येणारी एक मावशी बसते. सत्तरीची असेल. मी चाळिशी ओलांडली तरी तिच्या लेखी पोरगाच. दोन वर्षं मी तिला फोटोसाठी विचारत होतो आणि ती "माझं थोबाड काय बघतंस, बोंबील बघ" म्हणून वाटेला लावत होती. एका रविवारी तिनेच हाक मारली. शेजारी सून बसली होती.

"पोरा, माझा फोटो काढ. गुरवारी दात काढायचे हायत."

"कुठले?"

"सगळे. डॉक्टर बोलला, हालतात ते ठेवून काय करशील. मग कवळी बसवणार."

मी मान हलवली. ती पुढे म्हणाली, "लग्नात फोटो काढला तवा लाजून तोंड मिटलं होतं. नंतर कवा बोटीचा फोटो, कवा पोरांचा. मी आपली मागं. हसतानाचा माझा एक पण नाय. कवळी लागली की ते हसू डॉक्टरचं, माझं नाय."

मला हे एकदम पटलं. सुनेने मोबाईल काढला. "मी पण एक काढून ठेवते," ती म्हणाली. त्यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "गरज नाही वहिनी. मोबाईलमधले फोटो हरवतात. हा टिकतो."

सुनेने मोबाईल पिशवीत ठेवला. मावशी पदर सारखा करून हसली, अगदी दिलखुलास. मी भरपूर वेळ घेतला आणि खटका दाबला.

"झाला?"

"झाला."

पुढच्या रविवारी रिक्षा स्टँडवर रोल संपत आला. कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तीसवर गेला, मग सदतीसवर. कधी कधी रोलमधून एखाददुसरा फोटो जास्त निघतो, म्हणून मी खूश झालो. अडतीस. एकोणचाळिसाव्या फोटोला एक रिक्षावाला हात बांधून उभा होता. "हो गया क्या?" त्याने विचारलं. "हो गया," मी म्हणालो आणि आकड्याकडे पुन्हा बघितलं. छत्तीसच्या रोलमधून एकोणचाळीस निघत नाहीत.

रोल भरताना त्याचं टोक कॅमेऱ्यातल्या एका खाचेत अडकवावं लागतं. ते अडकलं, तर रोल पुढे सरकवताना डावीकडची चकती आपोआप फिरते. ती फिरतेय ना, हे बघणं हा पहिल्या दिवशीचा धडा. हा रोल मी उमरोळी स्टेशनवर घाईघाईत भरला होता, कारण समोरच्या बाकावरचा टोपीवाला म्हातारा उठायला लागला होता. चकती मी बघितलीच नव्हती. घरी कॅमेरा उघडला तर टोक खाचेबाहेर, ठेवलं तिथेच. एकोणचाळीस चेहरे एकाच तुकड्यावर पडले होते आणि तो तुकडा रोल भरतानाच उजेडाने जळलेला होता. कारखान्यात माझं काम तपासणीचं आहे. त्यासाठी दोनदा माझा सत्कारही झालाय.

अडतीस जणांचं मला फार वाटलं नाही. मावशीचे दात मात्र निघून गेले होते. मला शरम वाटली. तीन रविवार मी बाजाराकडे फिरकलो नाही. कंपनीच्या बसमध्ये बसून थापा तयार केल्या. रोल धुताना खराब झाला, ही त्यातल्या त्यात बरी होती. ती घोकत चौथ्या रविवारी गेलो.

मावशी तोंडावर पदर धरून बसली होती. हिरड्या भरायच्या होत्या, कवळी यायची होती.

"आणलास?" तिने पदराआडून विचारलं.

तिचे डोळे बघून थाप विसरलो आणि खरं ते सांगून टाकलं. रोल अडकलाच नव्हता. फोटो नाही. सुनेला मोबाईलवर काढू दिला नाही, तीही माझीच चूक. सून माझ्याकडे बघत राहिली.

मावशीने आधी एका गिऱ्हाइकाला सुकट मोजून दिली. मग म्हणाली, "मशीननं नाय बघितलं. तू तर बघितलंस ना? इतका वेळ डोळा लावून बसला होतास. मग सांग, कशी दिसत होते मी? दात कसे होते?"

मी आठवायला लागलो. उजेड डावीकडून ताडपत्रीखालून येत होता. मागे निळं पिंप होतं, ते टाळायला मी दोन पावलं सरकलो होतो. तिच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातली बारीकशी सुरकुतीही आठवली. दात आठवेनात.

"चेहऱ्याचा फोटो काढताना डोळा नीट दिसतोय ना, तेवढंच बघतात मावशी," मी म्हणालो. "मी डोळाच बघत होतो."

"म्हंजे तू पण नाय बघितलंस."

"नाही."

तिने बाजारावर एकदा नजर फिरवली, पदर खाली घेतला आणि माझ्याकडे बघून हसली.

"आता तरी बघ," ती म्हणाली.

कॅमेरा माझ्या गळ्यात होता. त्यात नवा रोल होता, चकती तीनदा तपासून भरलेला. मी दोन्ही हात मागे बांधले आणि ती परत पदर घेईपर्यंत बघत राहिलो.