राजवाड्यांत तनूसोबत दहा दिवस

किस्से म्हणजे शिलाई मशीनखालची कातरणं. मुद्दाम कोणी कापत नाही. दिवसभर पडदे शिवत बसा, संध्याकाळी झाडू मारला की पिशवीभर निघतात! मी रायपूरच्या पंडरी कापडबाजारात चाळीस वर्षं पडदे शिवले, म्हणून सांगतो. आम्ही युरोपातून परत आलो तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "काका, क्या क्या देखा?" राजवाडे पाहिले, मोठमोठी चर्चं पाहिली. त्यांची नावं माझ्या तोंडात बसत नाहीत. पिशवीत जे आहे ते सांगतो.

आम्ही पाच जण होतो. मुलगा मंगेश नवा रायपूरला सरकारी ऑफिसात आहे. सून सुनीता बिलासपूरची. सगळा कार्यक्रम तिने कागदावर उतरवला होता, चहाच्या वेळेसकट. माझी बायको कमल. आणि नात तनू, वय नऊ.

तनूला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. "तनू, जेवली का?" "हाँ आबा, खा लिया." घरी असली की शाळा, ट्यूशन, डान्स क्लास. माझ्या वाट्याला ती येणार कधी? तिकडे दहा दिवस सकाळपासून सोबत होती. मला राजवाड्यांची नाही, एवढीच हौस होती, की पोरीने एकदा तरी माझ्याशी आपल्या बोलीत बोलावं. माझ्या आईची बोली आहे ती. मंगेशपर्यंत अर्धी पोचली. पुढे?

विमानात कमलला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मांगून भेटते का ते? तुम्ही गप बसा. पोट्टी हाय, पोपट नाही!"

गप बसलो.

* * *

पहिल्याच राजवाड्यात मी अडकलो. सगळे छताकडे बघत होते. तिकडे सोन्याची वेलबुट्टी, उघड्या अंगाची गुबगुबीत पोरं, त्यांना पंख! मी मात्र पडद्यापुढे उभा. चौदा फूट तरी उंची असेल. मरून मखमल, आणि चुण्या अशा, की एक दुसरीपेक्षा सूतभर कमी नाही की जास्त नाही. मी दोरीच्या अलीकडून वाकून खालची दुमड बघू लागलो.

"बाबा, हाथ मत लगाना!" सुनीता घाबरली.

"हात मागं बांधले हाय बेटा. डोये लावून राहिलो."

गाईड बाईने सांगितलं, पडदे राणीच्या काळचे आहेत. मी मंगेशला म्हणालो, "विचार तिले, अस्तर कधी बदललं? मखमल जुनी हाय, अस्तरावर मशीनची शिलाई हाय."

मंगेश लाजला. तनूने विचारलं, फाडफाड इंग्रजीत. बाई आत जाऊन कोणाला तरी विचारून आली. म्हणाली, अस्तर खरंच नंतरचं आहे. आणि तुझे आजोबा कोणत्या म्युझियममध्ये असतात?

"पंडरी!" तनूने सांगून टाकलं.

* * *

दुसऱ्या दिवशी कॅथेड्रल. म्हणजे मोठं चर्च. देवाचं घर म्हटल्यावर मी पायरीवरच बूट काढले. कमलनेही काढले. मोजे राहू दिले, थंडी फार होती. चारही बूट भिंतीला लावून नीट ठेवले.

मागून झेंडेवाल्या गाईड बाईबरोबर वीस-बावीस पाहुणे येत होते, आमच्याच वयाचे, कुठल्या तरी लांबच्या देशाचे. त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं. आणि सगळे खाली वाकून लेस सोडायला लागले!

दारावरचा माणूस धावत आला. पायरीवर बुटांची ही रांग! तो सांगतोय, घाला, घाला. झेंडेवाली विचारते, काढायला कोणी सांगितलं? सगळ्यांची बोटं माझ्याकडे!

तनू पोट धरून हसली. "आबा, आपने तो पूरी लाइन लगवा दी!"

हिंदीत का होईना, हसली.

* * *

कमलला सोन्याचं कौतुक नाही. ज्या राजवाड्यात जाऊ तिथे तिचा एकच प्रश्न, "सयपाकघर कुठी हाय?"

एका ठिकाणी दाखवलं. तिथून राजाची जेवणाची खोली इतकी लांब, की वाटेत दम लागावा. गाईड म्हणाला, राजापर्यंत जेवण पोचायचं तोवर गार होऊन जायचं.

मंगेशने मराठीत सांगितलं तेव्हा कमल थबकली. "म्हंजे रोज थंडंच जेवे?"

"हो आई."

"मंग कायचा राजा! आमच्या घरी ह्यायले पोळी तव्यावरून ताटात लागते!"

मी छताकडे बघू लागलो. वेलबुट्टी छानच होती.

* * *

प्रागच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावायची जागा होती. घरी कमल रोज बुद्धापुढे मेणबत्ती लावते. इथेही तिने लावली, हात जोडले, हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. शेजारी तिथलीच एक म्हातारी होती. तिचे हात थरथरत होते, मेणबत्ती काही पेटेना. कमलने तिचा हात धरून आपल्या ज्योतीवर पेटवून दिली. म्हातारीने डोळे पुसले आणि कमलच्या दोन्ही गालांचे पापे घेतले!

कमल खांबासारखी ताठ. बाहेर येऊन म्हणाली, "अहो, हे काय झालं?"

"आजी, ये यहाँ का नमस्ते है," तनू म्हणाली.

"मंग माह्या वाटचा तिले कोन देईन?" असं म्हणून कमल परत आत गेली.

* * *

नऊ दिवस झाले, तनूकडून मराठीचा एक शब्द नाही. मंगेशला कळलं असावं. म्हणाला, "बाबा, समजते न तिले सगळं. बस झालं." मी मान हलवली.

शेवटच्या दिवशीचा राजवाडा खोल्याच खोल्यांचा. मंगेश, सुनीता पुढे निघून गेले. माझे पाय बोलायला लागले. भिंतीशी एक खुर्ची दिसली, मी टेकलो. तिच्यावर बसू नका अशी छोटी पाटी होती म्हणे, पण मला कुठे वाचता येते!

खोलीच्या त्या टोकाहून गार्ड ओरडला. साडेसहा फुटांचा गडी! मी दचकून उठलो, तोल गेला, कमलने दंड धरला. तो ओरडतच जवळ आला.

मध्ये तनू उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर.

"काहून ओरडून राहिले हो? माहे आबा थकले न! बसू द्या न त्यायले!"

गार्ड तिच्याकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. मग वळला, दाराजवळचं स्वतःचं स्टूल उचलून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"हव," तनू मान डोलावत त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "बसा आता."

मी बसलो. गार्ड आपल्या जागेवर गेला. पाय चांगले मोकळे झाले होते, तरी बसून राहिलो. मग तनूकडे बघत मुद्दाम हळूच उठून उभा राहिलो.

"आबा! बसा म्हटलं न!"