गोड बोलणारं गाणं

"ये गाना नहीं, ड्रग्ज की ॲड है," सोसायटीचे सेक्रेटरी अंकल गाणं लावलेला फोन उंच धरून सगळ्यांना सांगत होते, आणि समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला आमच्या वरच्या मजल्यावरचा गायक मान डोलावत होता. स्वतःवरचा आरोप इतक्या आदराने ऐकून घेणारा दुसरा माणूस अख्ख्या भाईंदरमध्ये सापडणार नाही.

तो रॉक गातो असं सांगितलं की लोक त्याच्या मागे दुसरं कुणी उभं आहे का ते बघतात. केस तेल लावून चापून बसवलेले, शर्ट आईने इस्त्री केलेला. जिन्यात झोपलेल्या कुत्र्याला तो "सॉरी हं" म्हणून ओलांडतो. घरी गिटार वाजवतो ती गोधडीत शिरून, खालच्यांना त्रास नको म्हणून. मे महिन्यात बाहेर येतो तेव्हा आई टॉवेल घेऊन उभी असते. खरंच ओरडायचं असेल तर बस पकडून समुद्रकाठच्या चौक गावाला जातो, मामाच्या मासेमारीची जाळी ठेवायच्या खोलीत, आणि परतताना लिफ्टमधल्या प्रत्येकाची बोंबलाच्या वासाबद्दल माफी मागतो. खोटं मात्र त्याला येत नाही. माझ्या आईने हौसेने केलेला केक कसा झालाय विचारलं, तर बराच विचार करून म्हणाला, "काकू, वरचा भाग छान होता."

म्हणूनच मी घाबरले होते. त्याच्या बँडचा ड्रमर गेल्या वर्षी पावडरीपायी गेला. त्यानंतर त्याने हे गाणं केलं, आणि त्यात बोलते ती पावडर. ये, बस, दमलास ना, मी आहे. इतकं गोड का लिहिलंस, असं मी एकदा जिन्यात विचारलं होतं. त्याच्याशी बोललेलं माझं तेवढं एकच पूर्ण वाक्य. "ती तशीच बोलते, तो सांगायचा मला," तो म्हणाला. "धमकी दिली असती तर कोण गेलं असतं तिच्याकडे?"

सोसायटीच्या या मीटिंगला गायकाचा घरमालकही आला होता. करार संपत आला होता. कमिटी नको म्हणाली तर मायलेकांना खोली सोडावी लागणार होती. "माजा पोर तसा न्हाय ओ," त्याची आई एकेकाला सांगत होती.

"सच बोल बेटा," अंकल म्हणाले. "ये सुनके कोई बच्चा लेगा क्या?"

नाही म्हण, फक्त नाही म्हण, मी मनात म्हणत राहिले. त्याने केकच्या वेळी केला होता तसाच विचार केला.

"पता नहीं अंकल. कोई ले भी सकता है."

मागे कुणीतरी हसलं. त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. घरमालक किल्ल्या खिशात टाकत उठला. या बिल्डिंगमध्ये मला 'वो चुप लडकी' म्हणतात, आणि मला ते सोयीचंच होतं. मी कधी उभी राहिले ते कळलं नाही. सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या तेव्हा कळलं.

"मी ते रोज ऐकते," मी म्हणाले. "पूर्ण. आधी बरं वाटतं, कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं. मग खूप भीती वाटते, कारण तोपर्यंत मी मनात हो म्हणून बसलेली असते."