यमूने नेलेला निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या आईसमोर ते घडलं ती केव्हाच गेली, आणि त्या दिवशी काही घडलं असं तिला कधी वाटलंही नसेल. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. पण आता सुरुवात केलीच आहे, तर सांगतो.

मी ठाण्याला मराठी शाळेत मास्तर होतो, आणि व्याख्यानं द्यायची मला भारी हौस. दवाखान्याच्या डॉक्टरांनी एकदा गळ घातली — मास्तर, लोकांना स्वच्छतेच्या चार गोष्टी सांगा, तुमचं ऐकतील. मग काय! सुटी मिळाली की पागोटं चढवून मी निघालोच. पाणी उकळून प्या, जखम उघडी टाकू नका, हात धुवा. पण माझा खरा रंगणारा विषय म्हणजे दंश. मधमाशीचा काटा रुतला असेल तर नखाने खरवडून काढा, जागा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, खाजवू नका. आणि शेण-माती? जीव प्यारा असेल तर मुळीच लावू नका! खाडीपलीकडे कळव्याला एक म्हातारी मिठागरातून थेट व्याख्यानाला आली होती. ती म्हणाली, "मास्तर, शेन नाय लावाचा, त मंग काय साखर लावाची?" सगळे हसले. मीही हसलो, आणि तिलाच उभं करून सगळं पुन्हा म्हणवून घेतलं. असा मी!

आता घरातलं सांगायला हवं. सांगतो — जरा थांबा.

आमच्या गोठ्याच्या वळचणीला गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. माझी बायको गोवऱ्या काढायला गेली आणि त्या उठल्या. पायाला कडकडून डसल्या, शिवाय पळताना घोटा दगडावर सोलवटला. आईने लगोलग शेण कालवलं, पायावर थापलं, वर फडकं बांधलं आणि माजघरात माझ्याशेजारी येऊन बसली. मी पाहत होतो.

आमच्यात वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याने बायकोशी बोलायची रीत नव्हती. जे काय विचारायचं, सांगायचं, ते मुलांच्या तोंडून. म्हणून पडवीतून बायकोने यमूला, आमच्या धाकट्या लेकीला, आत धाडलं. परकर सावरत ती आली. "नाना, आई विचारत्ये, शेण धुऊन टाकू का? तुम्ही व्याख्यानात सांगता तसं?"

तिने माझं व्याख्यान ऐकलं होतं, बरं का. देवळात, बायकांच्या घोळक्यात मागे बसून.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. 'हो' म्हटलं असतं तर काय झालं असतं? आई फार तर बाईलवेडा म्हणाली असती, दोन दिवस अबोला धरला असता. एवढंच ना? आणि मी — गावोगाव लोकांना शहाणं करणारा मी — आईला ऐकू जाईल असं म्हणालो, "आजीनं केलंय तेच बरोबर, म्हणावं. हात लावू नको."

पाय सुजला. पुढे तिला घास गिळवेना, मग जबडाच उघडेना. डॉक्टर आले ते मान हलवतच. धनुर्वात, म्हणाले. मला वेळीच का कळवलं नाहीत? मी म्हणालो, तिने आम्हाला काही सांगितलंच नाही हो. लाजेने लपवून ठेवलं.

ती तेव्हा आत होती, शुद्धीवर होती. तिला ऐकू गेलं का? तिला बोलता येत नव्हतं.

ती गेली, आणि ते खोटं मी व्याख्यानात घेतलं. बायका दुखणं लपवतात, माझ्याच घरचं उदाहरण पाहा! ऐकणाऱ्या पदर डोळ्यांना लावत. माझं नाव झालं. मला ते आवडत असे — हेही सांगून टाकतो.

यमू आता कल्याणला नांदते. मुलंबाळं आहेत. मुलांकरवी ती साधा निरोपसुद्धा धाडत नाही, हातातलं काम टाकून स्वतः उठून जाते. मला वाटे, नव्या वळणाची आहे. गेल्या खेपेला माहेरी आली तेव्हा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "नाना, आईनं मला तुमच्याकडे पाठवलं होतं ना? तुम्ही धू म्हणालात आणि मी तिला उलटंच सांगितलं — असं तर नाही ना हो झालं?"

इतकी वर्षं ती हे मनात घेऊन वावरत होती. माझी पोर! आणि मी काय म्हणालो? "तू लहान होतीस गं. जाऊ दे आता." अगदी मायेने म्हणालो. तिने मान खाली घातली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. दुसऱ्या दिवशी ती कल्याणला परत गेली.

तिने निरोप बरोबर नेला होता. शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. माजघरात बसून मी स्वतः ऐकलं होतं — पडवीत जाऊन ती म्हणाली, "आजीनं केलंय तेच बरोबर. हात लावू नको." आणि तिची आई म्हणाली, "बरं."