मंद आचेवरचे साडभाऊ

उशीर हा सद्गुण आहे असे मनापासून मानणारा मनुष्य या पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. गोंदियाच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले. शिक्षण नववीपाशी थांबले. परंतु माझा मजकूर वाचून ‘हा कोणी लिहिला?’ असे विचारणारे साहेब मी पाहिले आहेत. अर्जाचा पहिला नियम असा की, मागणी आरंभीच मांडावी. साहेबाला दुसऱ्या पानापर्यंत वाट पाहायला लावू नये. आमचे साडभाऊ म्हणजे असा अर्ज, की ज्यात मागणी शेवटच्या ओळीतही येत नाही आणि खाली सही मात्र ठसठशीत असते.

दवनीवाड्याकडच्या एका खेड्यात त्यांचे घर आहे. त्यांच्या घरी चहा मागणाऱ्याने घरून चहा पिऊन जावे. दूध आटून, पत्ती जळून, पाहुणा उठून उभा राहिला म्हणजे साडभाऊ कपात चहा गाळू लागतात आणि वर म्हणतात, “घाईचा चहा अंगी लागत नाई, साडभाऊ.” एकदा शेजाऱ्याच्या म्हशीने त्यांचे धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपे, खाल्ले. तक्रार करावी की न करावी, हा विचार त्यांनी इतका सावकाश केला की मध्यंतरी ती म्हैस म्हातारी होऊन मेली आणि त्याच शेजाऱ्याच्या घरच्या लग्नात साडभाऊ जेवून आले. तक्रारीचा मसुदा सांगायला ते त्यानंतर माझ्याकडे आले. मी लेखणी खाली ठेवली आणि म्हणालो, “आता प्रतिवादी कोण?” ते म्हणाले, “तेच तर विचार करून राहिलो.”

येथवर हसण्यासारखे आहे. परंतु जो मनुष्य म्हशीच्या बाबतीत असा वागतो, तो मुलीच्या बाबतीत निराळा वागत नाही. त्यांची एकुलती मुलगी गोंदियाला दवाखान्यात परिचारिका झाली. पहिल्या पगारातून तिने घरी एक वापरलेला विजेचा ओव्हन आणला आणि त्यात आईला केक करून खाऊ घातला. पुढे तिथल्याच एका परजातीच्या मुलाशी लग्न करायचे तिने ठरवले व रीतसर बापाला विचारले. साडभाऊ ‘नाही’ म्हणाले नाहीत. हे मी शपथेवर सांगू शकतो. ते म्हणाले, “दम धर बेटा, विचार करून सांगतो.” तिने एक उन्हाळा वाट पाहिली, दुसरा पाहिला, आणि मग नोंदणी कचेरीत जाऊन हार घातला. त्यावर साडभाऊ रुसले, ते विरोधापायी नव्हे. “माहा विचार अर्ध्यावर आला होता, पोरगी थांबली नाई,” हे त्यांचे दुःख होते! भावकीला तर बोलायला निमित्तच हवे होते. मुलीचे येणे बंद झाले. ओव्हनवर एक गोधडी पडली आणि आत हळकुंडे जाऊन बसली.

पुष्कळ वर्षांनी त्यांनी कुठून तरी टर्कीची पिल्ले पैदा केली. गावाने त्यांना विलायती मोर हे नाव दिले. त्यांतला नर पिसारा फुलवून, गळ्याची लाल झालर हलवत अंगणात फिरू लागला की गावची कुत्री वाट बदलत. मोबाईलवर साडभाऊंनी साता समुद्रापलीकडची माणसे पाहिली. ती सणाला सगळा गोतावळा जमवून टर्की खातात, आणि ती टर्की दिवसभर मंद आचेवर भाजतात. दिवसभर! मंद! आपल्या स्वभावाला अखेर एक पाककृती सापडली, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले. ओव्हनवरची गोधडी निघाली, हळकुंडे बाहेर आली. अख्खा पक्षी आत मावेना, म्हणून त्याचे तुकडे करायचे, दही व लसूण-मिरचीच्या ठेच्यात रात्रभर मुरवायचे, चांदीच्या कागदाने ताट झाकून आत सारायचे आणि दाराला हात लावायचा नाही, अशी संहिता तयार झाली. हा खटाटोप कोणासाठी, हे त्यांनी सांगितले नाही. मंडईच्या आधी मात्र मला म्हणाले, “पोरीले फोन लावा न साडभाऊ. म्हणा, जावयाले घेऊन ये. बाबानं जेवाले बोलावलं.” विचार पूर्ण झाला होता.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकाने, पाळणे लागतात, रात्री नाटक होते. मंडईला बोलावून पंगतीत बसवले, म्हणजे ती लेक पुन्हा घरची झाली. मग भावकीने तोंड मिटायचे. आणि साडभाऊंच्या घरची रीत अशी की, जावयाच्या ताटात मुख्य पदार्थाचा पहिला वाटा पडल्याशिवाय पंगतीतला कोणी घास उचलत नाही. त्या जेवणावर काय टांगलेले होते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मुलगी आली. जावई भला, अबोल. संध्याकाळी त्याची ड्युटी होती, म्हणून शेवटच्या जीपने परतणे भाग होते. हे त्याने आल्याआल्या नम्रपणे सांगितले.

“होऊन जाईन,” साडभाऊ म्हणाले. “सकाळीच लावला हाय.”

आता एक गोष्ट आमच्या भागातले शेंबडे पोरही जाणते. मंडईच्या दिवशी गावात वीज असते, पण ती फक्त नावाला. पाळणेवाला तारेवर आकडा टाकतो, रसवंतीवाला टाकतो, नाटकाचा मंडप टाकतो. घरातला पंखा पाती मोजून घ्यावीत इतक्या सावकाश फिरतो. अशा दिवशी साडभाऊंनी विजेवर टर्की चढवली होती. दुपार कलली तरी वास म्हणून येईना. मी ओव्हनवर तळहात ठेवला. तापातून उठलेल्या माणसाचे कपाळ याहून गरम असते.

“साडभाऊ, व्होल्टेज नाही.”

“ज्याले धीर नाई त्याले व्होल्टेज लागते,” ते म्हणाले. “स्लोच करा लागते हे.”

त्यांचा दोष तरी काय म्हणावा? आयुष्यभर जी मंदगती त्यांनी पुण्य म्हणून सांभाळली, तीत आणि बिघाडात फरक कसा करावा हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. भावकीतले एक म्हातारे, ज्यांनी या मुलीच्या नावाने सर्वांत जास्त बोटे मोडली होती, तेच पंगतीच्या आशेने ओसरीवर सर्वांत आधी येऊन बसले होते. ते खोकत म्हणाले, “काय बाप्पा, पाखरू शिजवून राहिला का उबवून राहिला?” सारे हसले. मुलगी हसली नाही.

तिची आई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, कासावीस झाली होती. “मी वरण-भात टाकतो. दोन घास खाऊन जातीन लेकरं.”

“चूल पेटवायची नाई,” साडभाऊंनी हात आडवा केला. “आज पयला घास याचाच. भूक मोडू नको त्यायची.”

जीपवाल्याने रस्त्यावरून हॉर्न दिला. जावई उठला, पुन्हा बसला, बायकोकडे पाहू लागला. मुलगी ओव्हनपाशी गेली. तो ओव्हन तिचा होता. तिने त्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

“थंडा हाय हा, बाबा.”

“होऊन राहिली हाय बेटा. दम धर.”

“बोलवाले तुमाले इतके वर्ष लागले,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट. “आता वाढाले किती लागन? आन मी काऊन दर वेळी दम धरू?”

तिने माझ्या पाया पडून “येतो मावसाजी” म्हटले, आईला मिठी मारली, आणि त्या घरचे केवळ पाणी पिऊन ती नवऱ्यासह उपाशी निघून गेली. साडभाऊ ओव्हनसमोरून हलले नाहीत. उघड्या दाराने ऊब जाते म्हणून ज्यांनी दिवसभर ओव्हनचे दार उघडले नाही, त्यांनी घराच्या दारातून ती जाताना मागे वळूनही पाहिले नाही.

नियती ही माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही कारकुनापेक्षा खवचट आहे. जीप गेली, नाटकवाल्यांचा जनरेटर आला, मंडपाचा भार उतरला आणि घरातले दिवे लख्ख झाले. दिवेलागण सरता सरता साऱ्या गल्लीत तो वास पसरला. मांस हाडावरून नुसत्या बोटाने सुटत होते. खोटे कशाला लिहू, तसा पदार्थ मी जन्मात खाल्ला नाही. जावयाच्या वाट्याची रीत विसरून म्हाताऱ्याने तीनदा मागून घेतला आणि मिशा पुसत निवाडा दिला, “पोरगी करंटी. थांबाले पायजे होतं.” मला त्या क्षणी त्याचे ताट उचलून विलायती मोराच्या पुढे ठेवावेसे वाटले, परंतु मोर त्याच्याच पोटात होता. साडभाऊंनी सर्वांना वाढले. स्वतः एक तुकडाही घेतला नाही.

त्यानंतर दोन मंडया मुलीवाचून कोरड्या गेल्या. साडभाऊंचा चहा पूर्वीपेक्षाही जास्त आटू लागला. यंदाच्या मंडईला मी गेलो, तेव्हा ओव्हन लावलेला होता आणि पंखा तसाच मोजता येण्याजोगा फिरत होता. पण स्वयंपाकघरात चूलही पेटलेली होती; वरण उकळत होते, भाताचे पातेले उतरून ठेवलेले होते. मी साडभाऊंकडे पाहिले. ते नजर चुकवून म्हणाले, “असू दे. कोनाले भूक लागली तर.”

दुपारी माझा फोन वाजला. मुलीचा होता. मंडईची खुशाली विचारली, आईचे गुडघे विचारले, आणि मग म्हणाली, “बाबानं लावला का जी ओव्हन?” मी फोन साडभाऊंच्या हाती दिला.

“लावला,” ते म्हणाले.

तिने काय विचारले ते मला ऐकू आले नाही, पण दुसरा प्रश्न कोणता असणार? साडभाऊंनी ओव्हनकडे पाहिले. त्याचा लाल दिवा अखेरच्या घटका मोजल्यासारखा मिणमिणत होता. आत मांस सकाळी ठेवले तसेच्या तसे कच्चे होते, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. जन्मभरात शिजल्याशिवाय कशालाही शिजले न म्हणणारा तो मनुष्य घसा खाकरून म्हणाला,

“झाली बेटा. ये.”

मग तिने “पाहतो, बाबा” म्हटले असावे, कारण साडभाऊंनी मान हलवली. फोन माझ्या हाती देऊन ते आत गेले, मांडणीवरची दोन ताटे काढली, पुसली, आणि भाताच्या पातेल्याशेजारी मांडून ठेवली. नंतर ओसरीवर येऊन माझ्या बाजूला बसले. जीप येण्याच्या रस्त्याकडे आम्ही दोघे पाहत राहिलो. त्यांचा पाय एकसारखा हलत होता. साडभाऊंना घाई झालेली मी प्रथमच पाहत होतो.